काकूंच्या खुर्चीची गाडी

माझ्या लग्नात, ऐन रिसेप्शनच्या गर्दीत, मला आणि माझ्या नवऱ्याला स्टेजवरून खाली उतरवणारा माणूस माहेरचा नव्हता आणि सासरचाही नव्हता. ते माझे ऑफिसातले सर होते. आहेराचं पाकीट घेऊन रांगेतून वर आले, हात मिळवायचं सोडून त्यांनी शर्टाच्या खिशातून वीज मोजायचा मीटर काढला, त्याची एक सळई आमच्या सोनेरी सिंहासनाच्या पायाला टेकवली आणि दुसरी वायर स्टेजच्या कडेवरून खाली लॉनच्या ओल्या मातीत सोडली. आकडा पाहिला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "उतरा. दोघंही. आत्ता."

सिंहासनाच्या पायाखाली लायटिंगची वायर चेमटली होती आणि अख्ख्या लोखंडी सांगाड्यात करंट उतरला होता. डेकोरेशनवाला आधी भांडला, मग मीटरकडे बघून मेन स्विच बंद करायला धावला. उरलेला समारंभ आम्ही गवतात उभं राहून साजरा केला. माझ्या शालूच्या काठाला त्या दिवशी लागलेला चिखल अजून निघालेला नाही. सासूबाई आजही "तुझा तो मीटरवाला कसा आहे गं?" असंच विचारतात.

मीटरवाला हे नाव त्यांना सगळीकडेच चिकटलं होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख होते. कुठली टाकी किती तापली, कुठल्या नळात किती दाब आला हे सांगणारी यंत्रं सांभाळायची, हे आमचं काम. मी तिथे नवी लागले तेव्हा विभागात मी एकटीच बाई होते. बाकीच्यांनी माझं काय करायचं याचा विचार करण्यात आठवडा घालवला. सरांनी पहिल्याच दिवशी मला शिडी दाखवली आणि म्हणाले, "वर तो गेज अडकलाय असं सगळे म्हणतायत. मोजलंय कुणीच नाही. जा."

"मोजलंस का?" हा त्यांचा जगाला एकच प्रश्न होता. आज फार उकडतंय म्हटलं, तरी मोजलंस का. डब्यातली भाजी खारट झालीय म्हटलं, तरी मोजलंस का. "अंदाज म्हणजे फुकट्या प्रवासी," ते म्हणत. "सगळ्यात आधी चढतो आणि तिकीट विचारलं की खिडकीबाहेर बघतो." कुणाच्या घरी चहाला गेले तरी फोन चार्जिंगला लावायच्या आधी ते यजमानांच्या भिंतीतला सॉकेट तपासत. यजमानीणबाई कपबशी घेऊन उभ्याच.

"कसे आहात?" याला "बरं आहे" हे उत्तर त्यांच्या विभागात चालत नसे. आमच्या यंत्रांची एक पद्धत असते. यंत्र आपलं मोजमाप तारेतून विजेच्या रूपाने पाठवतं, आणि त्याची पट्टी शून्यापासून नाही, चारपासून सुरू होते. चार म्हणजे टाकी रिकामी, वीस म्हणजे काठोकाठ. शून्य आलं तर टाकी रिकामी नाही, तारच तुटलेली आहे. सरांनी हीच पट्टी माणसांना लावली होती. सकाळी भेटले की विचारत, "रीडिंग काय?" आणि आपण सांगायचं, बारा, चौदा, जे असेल ते. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा मी कामावर परत आल्या दिवशी त्यांनी हाच प्रश्न विचारला. मला त्यांचा संताप आला. मी म्हटलं, "चार." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे तार शाबूत आहे. बस, आज नुसती बस." त्या वाक्याने मला तेव्हा जेवढं सावरलं तेवढं कुणाच्या सांत्वनाने सावरलं नाही, हे मी कधी त्यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी किती टक्के ते विचारलं असतं.

ते वाशीला राहायचे आणि मी नेरुळला. त्यांच्या गाडीतून आम्ही तिघंजण रोज तळोज्याला जात असू. गाडी तेव्हाही जुनीच होती, छोटी, बुटकी, पांढऱ्याची पिवळट झालेली. तिघंही मागच्या सीटवर, मांडीला मांडी लावून. पुढची डावी सीट रिकामी. पहिल्या दिवशी मी सहज पुढचं दार उघडलं तर मागून दोघे एकदम ओरडले, "ए, ती काकूंची खुर्ची आहे!"

काकू म्हणजे सरांची बायको. दिवाळे नावाच्या खाडीकाठच्या गावातल्या कोळीवाड्यातली. नवी मुंबई बांधली जात होती तेव्हा साताऱ्याकडून नोकरीला आलेल्या या शाकाहारी मुलाने दिवाळे गावात काकूंच्या वडिलांकडे खोली घेतली, आणि वर्षभरात त्यांना खोलीबरोबर मुलगीही द्यावी लागली. दोन्ही घरांत बराच आरडाओरडा झाला म्हणतात. काकू त्यांना आयुष्यभर "घाट्या" म्हणत आल्या, सगळ्यांसमोर, आणि सर त्याला ओ देत. मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा आणि तळलेले मासे केले होते. सर ताटात काटे आणि कवच एका रांगेत मांडत होते. काकू मला म्हणाल्या, "बग, याला काटं मोजल्याबिगार घास जात नाय. लगीन करताना कसा नाय मोजला काय, देव जाने."

मग, मी त्या गाडीने जायला लागायच्या वर्षभर आधी, काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. जीभ थोडी जड झाली, पण धार तशीच राहिली. त्यांचा एक हट्ट होता: रविवारी संध्याकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर जायचं, मासळी विकणाऱ्या धाकट्या बहिणीशेजारी बसायचं, भाव करायचा, शिव्या द्यायच्या आणि परत यायचं. आणि दुसरा हट्ट, कुणी उचलायचं नाही. "मी काय बर्फाचा लादा हाय?" असं त्या विचारत.

तेव्हा सरांनी ती खुर्ची केली. गाडीची पुढची सीट काढून खाली एक मोठी फिरती चकती बसवली, तिला अडकवायला खटका केला, दाराच्या वर स्टीलचा दांडा लावला. दार उघडायचं, खटका दाबायचा, सीट बाहेरच्या बाजूला फिरायची. काकू पाठ करून टेकायच्या, डाव्या हाताने दांडा धरायच्या आणि खुर्चीसकट आत वळायच्या. आरटीओच्या नियमात हे बसत होतं का, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "त्यांनी विचारलं तर सांगेन. त्यांनी अजून विचारलेलं नाही." मोजण्याच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस बायकोच्या बाबतीत हवा तेवढा सैल होता.

सर निवृत्त झाले, आमची रोजची गाडी बंद झाली. काकूंची चालूच होती, कळंबोलीच्या त्या दुपारपर्यंत.

त्या दुपारचं मला सरांनीच सांगितलं, फोनवर, तपासणीचा अहवाल वाचावा तसं. पनवेलच्या डॉक्टरांकडून दोघं परत येत होते. बाथरूमच्या भिंतीत काकूंना धरायला दांडा हवा होता म्हणून सर कळंबोलीच्या लोखंडबाजारात थांबले. काकू गाडीतच बसल्या. उकाडा होता, म्हणून इंजिन बंद करून पंखा चालू ठेवला, रेडिओही. पाइप मनासारखा मिळेना, सर या दुकानातून त्या दुकानात. परत आले तर बॅटरी उतरलेली. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक.

एरवी सरांनी मदतीला येणाऱ्या चौघांना चार प्रश्न विचारले असते. पण काकू हळूच म्हणाल्या, त्यांना बाथरूमला जायचंय, थांबवत नाय. तिथे चहूकडे ट्रक, लोखंडाचे ढीग आणि पुरुष. एक ट्रकवाला लगबगीने केबल घेऊन आला. बिचाऱ्याने रोजच्या सवयीने लावल्या. कळंबोलीत ट्रकवरून ट्रकच चालू करतात, आणि ट्रकला दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट असतात. सरांच्या गाडीला सोसतात बारा. मीटर सरांच्या खिशात होता. "मी काढला नाही," ते म्हणाले. "मी म्हटलं, लाव रे लवकर."

इंजिन एकदा गुरगुरलं. मग डॅशबोर्डाखालून जळका वास आला आणि सगळं थंड झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. काकू तशाच, ओल्या साडीत, त्या खुर्चीत बसून राहिल्या. येणारे-जाणारे वाकून बघत होते. टॅक्सीवाल्याने त्यांना आत घ्यायच्या आधी सीटवर प्लास्टिक अंथरलं.

त्यानंतर काकूंनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

मी भेटायला गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बहिणीचा फोन आला. काकू म्हणाल्या, "सांग तिला, मी झोपले हाय." बहीण एकदा स्वतः मासळी घेऊन आली, तर तिच्याशीही धड बोलल्या नाहीत. सरांनी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "रोज सकाळी रीडिंग विचारतो. झटका आला होता तेव्हासुद्धा ती मला वीस सांगायची, मुद्दाम, चिडवायला. आता बोलतच नाही. चार म्हणाली असती तरी मी घाबरलो नसतो." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला तिथेच जिन्यात रडू आलं.

गाडी टो करून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून ठेवली होती. बंगळुरूला राहणारी त्यांची मुलगी रोज व्हिडिओ कॉल करून सांगत होती, बाबा, नवीन घ्या. सर तिच्या समाधानासाठी शोरूममध्ये गेले, आणि मलाही नेलं. तिथल्या मुलाने चकचकीत उंच गाडीचं दार उघडलं. सरांनी पिशवीतून पंचा काढला, स्वतःचा उजवा पाय गुडघ्यात करकचून बांधला, उजवा हात मागे कमरेत खोचला आणि त्या गाडीत चढायचा प्रयत्न करू लागले. शोरूममधली माणसं कामं सोडून बघायला लागली. तिसऱ्यांदा घसरून ते फरशीवर बसले. सेल्समन मुलगा धावत आला, "काका, मी उचलतो ना!"

"नको," सर म्हणाले. "तेच नको आहे." पंचा सोडून त्यांनी घडी घातली. सीट काढून चकती बसवू द्याल का, असं विचारलं. मुलाने मॅनेजरला विचारून सांगितलं की नव्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅगच्या वायरी असतात, हात लावता येणार नाही. सरांनी त्याचे आभार मानले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ठरलं. जुनीच चालू करायची."

जुनी गाडी कशाने बंद आहे, यावर सोसायटीत प्रत्येकाचं मत होतं. बॅटरी, स्टार्टर, पेट्रोलचा पंप. सरांनी कुणाचंच ऐकलं नाही. एकेक तार मोजत गेले. इंजिनला कधी किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा एक छोटा कॉम्प्युटर गाडीत असतो. डॅशबोर्डाखाली, पुस्तकाएवढी अॅल्युमिनियमची डबी. बाजारात त्याला ईसीएम म्हणतात. किल्ली फिरवली की इंजिनचा जो दिवा पेटायला हवा तो पेटत नव्हता. डबीपर्यंत वीज नीट पोचत होती, आतून काहीच बाहेर येत नव्हतं. फ्यूज आणि रिले, म्हणजे वीज जोडणारा छोटा स्विच, जळाले होते ते बदलले, बाकीच्या तारा शाबूत निघाल्या. तेव्हाच त्यांनी डबी उघडली. आत एका कोपऱ्यात काळा डाग होता.

"मेला कशाने ते कळल्याशिवाय त्याच्या जागी दुसरा बसवायचा नाही," हा त्यांचा कारखान्यातला नियम. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने पहिला प्रश्न तोच विचारला, कसा गेला? सर म्हणाले, "माझ्यामुळे." त्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की या मॉडेलचा पार्ट आता येत नाही, गाडी भंगारात द्या. सरांनी विचारलं, "येत नाही की कुठेच नाही?" तो म्हणाला, "आमच्याकडे येत नाही." "मग असं म्हणा," सर म्हणाले आणि उठले.

जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारे कळंबोलीच्या मागच्या बाजूला बसतात. म्हणजे परत तिथेच जायचं. मी माझी स्कूटर काढली. मागे सर, डोक्यावर माझ्या नवऱ्याचं हेल्मेट, मांडीवर काकूंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली मेलेली डबी. वाटेत तो लोखंडबाजार लागला तेव्हा मागून आवाज आला, "हळू घे." मी वेग कमी केला. त्यांनी त्या जागेकडे नीट पाहून घेतलं आणि मग म्हणाले, "चल."

"सेम टू सेम आहे काका," दुकानदार म्हणाला. "लावा नि विसरा." डबीवरचा नंबर जुळत होता, शेवटच्या अक्षरासकट. घरी आणून लावली तर गाडी ढिम्म. उघडून पाहिली तर वरचा स्टिकर या गाडीचा आणि आतला बोर्ड भलत्याच मॉडेलचा. मी चिडले, चांगली चिडले. सर चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टूल, चष्मा आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते त्या दुकानात जाऊन बसले आणि एकेक डबी उघडून आतला बोर्ड बघू लागले. दुकानदार आधी वैतागला. दुपारी त्याने चहा मागवला. संध्याकाळी तो स्वतःच ढिगातून डब्या शोधून देत होता आणि म्हणत होता, "काका, तुमी आपल्याला पागल करनार." सगळ्यात खालच्या थरात एक बरोबर बोर्ड निघाला.

तो लावल्यावर इंजिन सुरू झालं. दोन क्षणांत बंद. परत सुरू, परत बंद. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत होतं. चोरी होऊ नये म्हणून त्या गाडीचा कॉम्प्युटर फक्त आपल्याच किल्लीला ओळखतो, आणि हा तर परक्या गाडीतून आलेला होता. मी बॉनेटवर हात आपटून म्हटलं, "सर, पुरे झालं आता."

"का? तो बरोबर वागतोय," ते म्हणाले. "मला ओळखत नाही तर माझं का ऐकेल?"

किल्लीची ओळख जुन्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये होती. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आठ पायांची. काळा डाग तिच्यापासून लांब होता. ती काढायची आणि नव्या बोर्डावर लावायची, एवढंच राहिलं होतं. पण तापवताना ती चिप मेली, तर ती ओळख कायमची गेली. मग गाडीही गेली.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "तुझ्या डोळ्यांचं रीडिंग काय?" त्यांना मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन ते काकूंमुळे पुढे ढकलत होते. शिवाय हात थरथरायला लागले होते. चाळीस वर्षं ज्याने कुणाला आपल्या सोल्डरिंगला हात लावू दिला नाही, त्याने ते काम मला सांगितलं तेव्हा फोन ठेवून मी पाणी प्यायच्या निमित्ताने नवऱ्यासमोरून उठून स्वयंपाकघरात गेले.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी दवाखान्यासारखी मांडणी केली होती. मला बांगड्या काढायला लावल्या. अंगातली वीज चिपला लागू नये म्हणून मनगटाला तार बांधून तिचं दुसरं टोक बेसिनच्या नळाला जोडलं. "नळ प्लास्टिकच्या पाइपवर आहे की काय ते पाहिलंत का?" मी म्हटलं. ते म्हणाले, "मोजलंय." मी सोल्डरिंगची तापलेली लेखणी उचलली.

मी चिपच्या पायांचं शिसं वितळवत होते, ते भिंग धरत होते. त्यांचा हात हलायला लागला की भिंगही हले. मी म्हटलं, "सर, भिंग." ते सावरत. पुन्हा हले. तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. काकू भिंतीला खांदा टेकत टेकत बाहेर येत होत्या, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. खुर्चीत बसल्या, सरांच्या हातातून भिंग काढून घेतलं आणि आपल्या चांगल्या, डाव्या हाताने धरलं. जाळ्यातली निसटती निवटी मासळी पकडत वाढलेला हात तो, जागचा हलला नाही. "लाव पोरी," एवढंच म्हणाल्या. काम संपल्यावर भिंग टेबलावर ठेवून पुन्हा आत जाऊन पडल्या.

खाली जाऊन आम्ही डबी बसवली. किल्लीचं चित्र एकदा पेटलं आणि विझलं. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. मी अक्षरशः नाचले. वरच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सर मात्र म्हणाले, "आता बघू."

पुढचे कित्येक दिवस त्यांनी गाडीला आणि मला छळलं. मला काकूंच्या खुर्चीत बसवून ते कळंबोलीला नेत. त्याच बाजारात, त्याच जागी गाडी उभी करत, बंद करत, भर उन्हात तापू देत आणि परत चालू करत. आजूबाजूचे ट्रकवाले आम्हाला ओळखायला लागले. एकाने विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे का काका?" सर म्हणाले, "नाही. तेच बघतोय."

मग एका रविवारी दुपारी ते काकूंच्या पलंगाशी जाऊन उभे राहिले. मी दारात होते.

"चल," ते म्हणाले. "दिवाळ्याला."

काकू भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "आनि बंद परली तर?"

आम्ही सगळ्यांनी त्यांना इतके दिवस हेच सांगितलं होतं, काही नाही होत काकू, काही नाही होणार. मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खोटं बोलेल. एवढ्या चाचण्या केल्यात, सांगायला काय हरकत आहे?

"पडू शकते," सर म्हणाले. "जुनी गाडी आहे. मी मोजता येईल तेवढं मोजलंय. पुढचं माहीत नाही."

मला त्यांच्या डोक्यात ते भिंग घालावंसं वाटलं. पण काकूंनी मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"माजी हिरवी सारी काढ," त्या मला म्हणाल्या.

खुर्ची बाहेर वळली, काकू टेकल्या, दांडा धरला, आत वळल्या. मी मागे बसले. वाशी ते दिवाळे सरांचे कान इंजिनकडे होते. काकूंनी खिडकीची काच खाली केली होती आणि डावा हात बाहेर काढून ठेवला होता.

जेट्टीवर नुकत्याच होड्या लागल्या होत्या. काकूंची बहीण टोपली सोडून धावत आली, दाराशी आली आणि रडायलाच लागली. "आगो बय, आलीस!" काकू म्हणाल्या, "रडतेस काय, कोलंबी दाखव." दार उघडलं, खुर्ची बाहेर वळली. दोन बायकांनी टोपल्या उचलून तिथेच खुर्चीसमोर आणून ठेवल्या आणि अवघा बाजार काकूंभोवती सरकला.

सर मात्र स्टिअरिंग धरून बसले होते. इंजिन चालू होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. धूर बायकांच्या तोंडावर जायला लागला. एकजण ओरडली, "ओ भावजी, बंद करा की गारी!" सरांनी ऐकलं नाही. किल्लीवर हात होता, पण हात फिरत नव्हता. कळंबोलीत त्या जागी तीच किल्ली त्यांनी शंभर वेळा फिरवली होती, पण तेव्हा त्या खुर्चीत मी होते.

काकूंनी खुर्चीतूनच मागे मान वळवली.

"घाट्या, बंद कर."

"असू दे," सर म्हणाले. "चालू असलेली बरी."

"बंद कर म्हनते ना." मग जड जिभेने, एकेक शब्द नीट लावत म्हणाल्या, "नाय झाली चालू, तर मी हितंच बसंन. तू बी बस. हितं कोन आपल्याला वाकून बगनार हाय?"

सरांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि त्यांचे खांदे हलताना मला मागून दिसले. काकूंनी डावा हात मागे नेऊन त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि बहिणीला म्हणाल्या, "याला कोलंबी म्हनतेस? लाज नाय वाटत? ती मोठी काढ, ती खालची."